तायडे मॅडमचं एकच खोटं

डॉ. सुजाता तायडे यांनी मला फसवलं. धुळ्याच्या देवपुरात कोणालाही विचारा, ही बाई एक शब्द वाकडा बोलायची नाही असंच सांगतील. अशा बाईला खोटं बोलायला अख्ख्या धुळ्यात मी एकटाच सापडलो. तेही दातांच्या बाबतीत. चार वर्षं मी फसलेलाच फिरत होतो आणि मला ते गेल्या महिन्यात कळलं.

मी गुरांच्या बाजारातला दलाल. गाव असोदा. वडिलांचं काही मिळालं नाही, दुसऱ्यांचे बैल पायी हाकत या बाजारातून त्या बाजारात नेले, त्यातून धंदा शिकलो आणि देवपुरात घर बांधलं. बाजारात मी खोटं बोललो नाही असं म्हणणार नाही. लंगडणाऱ्या बैलाला ‘चालून दमलाय’ म्हटलंय, मारक्या बैलाला ‘तेज आहे’ म्हटलंय. पण बैलाचं वय दातांवरून कळतं, आणि दातांबद्दल मी कधी खोटं बोललो नाही. चार दाती बैल दोन दाती म्हणून खपवला नाही. कारण साधं आहे. बैलाचा पाय, खांदा, शेपूट घेणारा स्वतः बघतो. जबडा उघडून दाखवणारा हात मात्र माझा असतो. त्या हाताने फसवायचं नाही.

हा नियम मी मॅडमना पहिल्याच भेटीत सांगितला होता. त्यांना माहीत होता, हे ध्यानात ठेवा.

त्या भेटीचं कारण असं. माझे खालचे पुढचे सहा दात हलायला लागले होते. जळगावच्या एका डॉक्टरने सांगितलं, सहाही काढावे लागतील. मी म्हटलं, दोन काढा. तो म्हणाला, सहा. मी तीनवर आलो, तो पाचवर आला. चारवर सौदा जुळत होता, पण त्याने मध्येच हात झटकले आणि म्हणाला, “काका, ही काय वांगी आहेत का?” मी उठून आलो. दात गेले असते तर बाजारातून उठावं लागलं असतं. स्वतःच्या तोंडात दात नाहीत आणि बैलाचे दात मोजतो, एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं की माझी चाळीस वर्षांची पत मातीत.

तायडे मॅडम देवपुरातल्या एका कॉलेजात हिरड्यांच्या डॉक्टर होत्या. शिकवायच्या आणि पेशंटही बघायच्या. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा कपाळावर ढकललेली बाई. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायची सवय. आधी मला राग आला. मग लक्षात आलं, मीही बैलवाल्याशी बोलताना बैलाकडेच बघतो.

“किती काढायचे?” मी खुर्चीत बसतानाच विचारलं. “मी चारपर्यंत तयार आहे.”

“एकही नाही.”

विकणारा पहिल्याच बोलीला इतका खाली आला की माल सडका असतो, हा माझा अनुभव. मी सावध झालो. त्यांनी एक बारीक सळई घेतली, तिच्यावर खुणा होत्या. ती हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून त्या मोजत गेल्या आणि शेजारची विद्यार्थिनी आकडे लिहीत गेली. रक्त आलं.

“दुखतंय?”

“नाही.”

“तेच तर. हिरडी दुखत नाही, म्हणून माणसं फसतात. माझ्या आईचे दात चाळिशीत गेले. बोदवडला सगळ्यांनी तिला सांगितलं, वय झालं.” एवढं म्हणून त्या परत मोजायला लागल्या. आईबद्दल त्या मला एवढंच एकदा बोलल्या.

मग त्यांनी मला समजावलं. दातांवर जे कीटण चढतं ते म्हणजे जंतूंची वस्ती. ती हिरडीच्या आत उतरते, आणि हिरडी दात सोडायला लागते. पण आपलं शरीर गप्प बसत नाही. हिरडीत आणि लाळेत ते बारीक बारीक प्रोटीनं तयार करतं. ती जंतूच्या कातडीला भोकं पाडतात आणि जंतू मरतो. काही प्रोटीनं जंतूंचं खाणं अडवतात. काही जंतू इतके बेरकी असतात की ते उलट या प्रोटीनांचेच तुकडे करतात. कोणाच्या तोंडात ती भरपूर, कोणाच्या तोंडात कमी, आणि असं का, हेच मॅडम शोधत होत्या.

“म्हणजे शेतातले राखणदार,” मी म्हटलं.

“तसंच समजा.”

“कुठे मिळतात? किती लागतील?”

“विकत मिळत नाहीत, नाना. तुमच्याच तोंडात तयार होतात. फुकट.”

फुकट म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा सावध झालो. पण बाईने पुढच्या दोन महिन्यांत माझ्या हिरड्या आतून खरवडून साफ केल्या, आणि दातांचं हलणं निम्म्यावर आलं. मग माझ्या मानी स्वभावाला चैन पडेना. मी म्हटलं, मॅडम, मला तुमचं काहीतरी करू द्या. त्या म्हणाल्या, “थुंकी द्या.”

त्यांना चाळीस माणसांची लाळ हवी होती. वय पन्नासच्या वर, खेड्यातली माणसं. कॉलेजात अशी माणसं येत नव्हती. मी म्हटलं, चाळीस तोंडं मी देतो, बाजाराच्या दिवशी या.

आता सौदा म्हटला की आमच्याकडे तो रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी मॅडमना ते शिकवलं. त्यांनी रुमालाखाली माझी चार बोटं अशी दाबली की मी हात सोडवून घेतला. “चाळीस,” त्या म्हणाल्या, “एकोणचाळीस नाही.” दात काढणाऱ्या माणसाच्या बोटांत किती जोर असतो ते त्या दिवशी कळलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी सातला मॅडम स्कूटरवर आल्या. मागे थर्माकोलचा बर्फाचा डबा, ओढणीने बांधलेला. मी लिंबाखाली टेबल टाकून ठेवलं होतं, आणि पहिली वीस माणसं रांगेत उभी. निवडून आणलेली. एकेकाचा जबडा मी स्वतः उघडून बघितला होता. ज्याचे दात पडलेले, ज्याची हिरडी सुजलेली, त्याला बाजूला काढला होता. शिवाय विकायच्या बैलाला आपण नदीवर धुतो, शिंगांना तेल लावतो. तसं मी सगळ्यांना हौदावर नेऊन कडुलिंबाच्या काडीने दात घासायला लावले, मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या आणि वरून एकेक वेलदोडा दिला. डॉक्टरीणबाईंसमोर घाणेरडं तोंड कसं न्यायचं?

मॅडमनी पहिल्या म्हाताऱ्याचं तोंड बघितलं. नाक जवळ नेलं. मग दुसऱ्याचं. मग माझ्याकडे बघितलं.

“यांना काय दिलंत?”

म्हाताऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगून टाकलं, “मी ते तोंड धुईसनच उनू, डाक्टरीनबाई. बठ्ठा दात घरना शेतस.”

तोंड धुऊन आलोय आणि सगळे दात घरचे आहेत, एवढं सांगून तो परत तोंड उघडून उभा राहिला. मॅडम खुर्चीत बसल्या. मला वाटलं, कौतुक करणार. त्या म्हणाल्या, “नाना, तुम्ही राखणदार धुऊन टाकले.”

“म्हणजे?”

“लाळेत जे होतं ते हौदात गेलं. त्यात मीठ आलं, वेलदोडा आला. आणि आजारी हिरडीचा एक माणूस नाही रांगेत. मला काय बैल विकत घ्यायचेत? मला जसं आहे तसं तोंड पाहिजे. सकाळी उठल्याबरोबरचं.”

मी म्हटलं, एवढे जमलेत तर घेऊन टाका, कोणाला कळणार आहे. हे बोललो ते चुकलं. बाईने डबा बंद केला, ओढणी बांधली आणि स्कूटरला किक मारली. मी गाडी अडवून उभा राहिलो. भर बाजारात आमचं भांडण झालं. मी म्हटलं, माझी इज्जत घेताय. त्या म्हणाल्या, तुम्ही दाताबद्दल खोटं बोलत नाही ना, मग मला खोटा आकडा लिहायला कसा सांगता? माझं तोंड बंद झालं. बाजारात माझं तोंड बंद झालेलं बघायला माणसं गोळा झाली होती.

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही पहाटे उठून गावोगाव गेलो. मॅडम ओट्यावर बसायच्या, माणूस उठायचा, चूळ भरायच्या आधी नळीत थुंकायचा. वीस निरोगी, वीस आजारी. मीही त्यांतला एक. नळीवर नाव नाही, नुसता नंबर. नावांची यादी त्यांनी माझ्यासमोर एका पाकिटात घालून चिकटवली. मी विचारलं, हे लपवालपवीचं काय? त्या म्हणाल्या, “मला कळलं की ही नळी नानांची आहे, तर माझा हात नानांच्या बाजूने झुकेल. माणूस आहे मी.”

अशी बाई. ‘साधारण’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द त्यांना चालत नसत. विद्यार्थी ‘बहुतेक पाच’ म्हणाला की सळई परत आत. किराणा दुकानात रांगेत उभ्या असताना समोरच्याला ‘तोंड उघडा’ म्हणायच्या, आणि माणसं उघडायची. लग्नाच्या आहेरात पाकिटाबरोबर दोन ब्रश द्यायच्या, नवऱ्याचा आणि नवरीचा, आणि स्टेजवर चढून ब्रश कसा धरायचा ते दाखवून खाली उतरायच्या. फोटोवाला थांबलेला, मागे रांग लागलेली, आणि ह्या हवेत ब्रश फिरवतायत. माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे.

मी असोद्याहून भरताची वांगी नेऊन द्यायचो. त्यांच्या घरी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाताना त्यांची एक गंमत बघितली. हिरवी मिरची इतकी टाकायच्या की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या मात्र खाता खाता माझा घास कुठल्या बाजूने चावला जातोय ते बघायच्या. “डावीकडून चावत नाही तुम्ही. का?” भरीत खाऊ द्या म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. आग्रह करकरून वाढायच्या आणि चौकशी करकरून घास घशात अडकवायच्या.

आता मूळ मुद्दा.

हिरड्या साफ झाल्या होत्या, पण माझी तंबाखू चालू होती. मळून, चुना लावून, खालच्या ओठाच्या आत. म्हणजे बरोबर त्या सहा दातांच्या समोर. मॅडमनी दहादा सांगितलं, सोडा, नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत सहाही जातील. मी दहादा सांगितलं, सोडली. अकराव्यांदा त्यांनी ओठ खाली ओढला, चुन्याचा पांढरा डाग बघितला आणि ओठ सोडून दिला. हो, मी खोटं बोललो. पण तंबाखूबद्दल बोललो, दातांबद्दल नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. मॅडमनी विद्यार्थ्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं, टेबलावरचा एक कागद उचलला आणि त्याच्यावरून बोट खाली नेत नेत थांबवलं.

“नाना, सांगू नये, पण सांगते. चाळीस जणांच्या नमुन्यांत हे प्रोटीन सगळ्यात जास्त कोणाचं आहे माहीत आहे?”

“कोणाचं?”

“तुमचं.”

“चाळीसात पहिला?”

“पहिले. असे राखणदार मी आजवर बघितले नाहीत. आणि तुम्ही रोज त्यांच्या तोंडावर तंबाखू मारताय.”

पोळ्याला आपल्या बैलाच्या गळ्यात पहिली माळ पडावी तसं मला झालं. सहा दात जातील म्हणून दहादा सांगितलेलं मनावर घेतलं नव्हतं. पण चाळीसात पहिला आलेला माल आपल्या हाताने नासवायचा, हे धंद्यात बसत नव्हतं. मी तंबाखूची पितळी डबी बाजारातल्या चहावाल्याला देऊन टाकली. तो तिच्यात आता वेलदोडे ठेवतो. पहिले पंधरा दिवस मी तीन माणसांशी हमरीतुमरीवर आलो आणि घरात एक ताट फेकलं. पण परत तंबाखूला हात लावला नाही.

आणि मी हे सगळ्यांना सांगितलं. बाजारात, लग्नात, एसटीत. चाळीसात पहिला. एकदा तर घेणारा बैलाच्या दातांवर शंका घ्यायला लागला तेव्हा मी त्याला माझेच दात दाखवले. घरी मात्र बायकोने असोद्याच्या बोलीत सुनावलं, “चाळीसात पयले आले ना? मंग आता पयले उठा अन् पानी भरा.”

दात घट्ट झाले. मॅडम दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात गेल्या. निघताना कॉलेजच्या व्हरांड्यात खोकी बांधून उभ्या होत्या. मी म्हटलं, “मॅडम, माझं ते प्रमाण अजून तेवढंच असेल ना?” त्या खोक्याच्या दोरीची गाठ आवळत राहिल्या, आणि म्हणाल्या, “असेल, नाना.” ही बाई ‘असेल’ म्हणाली, आणि माझ्यासारख्या माणसाला तिथे शंका आली नाही.

आता त्यांच्या खुर्चीत डॉ. निकिता म्हणून एक पोरगी आहे. हुशार आहे, हात हलका आहे. गेल्या महिन्यात ती माझे दात साफ करत होती, तेव्हा मी नेहमीप्रमाणे चाळीसात पहिला आल्याचं सांगितलं. तिने विचारलं, कधी सांगितलं मॅडमनी? मी म्हटलं, आखाजीच्या आदल्या दिवशी. त्याच दिवशी तंबाखू सोडली, विसरणार कसा? तिने कपाटातली फाईल काढली, पानं उलटली आणि फाईल परत मिटली.

“काय झालं?”

“काही नाही, आजोबा.”

“आजोबा म्हणू नको, आणि काय झालं ते सांग.”

“नमुने तपासायला सप्टेंबरमध्ये गेलेत. तोपर्यंत सगळे फ्रीजरमध्येच होते.”

सप्टेंबर म्हणजे पोळा उलटून गेल्यावर. आखाजीला एकही नळी उघडलेली नव्हती. कोणात किती प्रोटीन आहे हे तेव्हा मॅडमना माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं. मग मला तो कागद आठवला. त्याच्यावर सगळ्यात वर ‘हजेरी’ लिहिलेलं होतं. मी तेव्हा वाचलंही होतं. मला वाटलं होतं, नमुन्यांची हजेरी असेल.

त्या पोरीने मला समजवायचा प्रयत्न केला. म्हणाली, तसंही आकडा जास्त असला म्हणजे चांगलंच असतं असं नाही. हिरडीत जंतूंशी लढाई जोरात चालू असली तरी प्रोटीनं वाढलेली दिसतात. तुमचे दात वाचले ते हिरड्या साफ केल्या म्हणून आणि तंबाखू सुटली म्हणून. मी म्हटलं, बाई, तू वकिली करू नको.

कॉलेजच्या फाटकाबाहेर येऊन मी मॅडमना फोन लावला. रागात बोट भलतीकडे पडलं आणि व्हिडिओ कॉल लागला. समोर मॅडम. केस बरेच पांढरे झालेले, चष्मा तसाच कपाळावर.

“मॅडम, आखाजीला माझी नळी फ्रीजमध्ये होती का?”

“कोणी सांगितलं?”

“होती की नव्हती?”

“होती.”

“मग मला पहिला नंबर कुठून दिलात?”

“नाना, दात हलतात का?”

“मी ते विचारत नाहीये.”

“तोंड उघडा.”

आणि मी उघडलं. भर रस्त्यात, रिक्षावाले बघत असताना, फोन तोंडासमोर धरून. मॅडमनी चष्मा खाली ओढला, चेहरा स्क्रीनला चिकटेल इतका जवळ आणला. त्यांचं एक भिंग आणि त्यामागचा एक डोळा, एवढंच दिसत होतं. तो डोळा डावीकडून उजवीकडे सहा दातांवरून सावकाश सरकला. “छान,” त्या म्हणाल्या. कोणीतरी त्यांना आतून हाक मारली. “पेशंट आहे, ठेवते,” म्हणाल्या, आणि गेल्या. त्यानंतर त्यांना पाहिलेलं नाही.

नावांची यादी आता उघडली गेली आहे. माझा नंबर कोणता आणि माझं प्रमाण किती, हे निकिताच्या कपाटातल्या फाईलमध्ये आहे. ती म्हणते, दोन मिनिटांत सांगते. मी तिला ती फाईल परत उघडू दिलेली नाही. बाजारात मला अजून माणसं ‘चाळीसात पहिला’ म्हणून हाक मारतात आणि मी ओ देतो.

म्हणून हे लिहून तायडे मॅडमना पाठवतोय. तुम्ही धुळ्याला या. फाईल तुमच्या हाताने उघडा आणि माझा आकडा मोठ्याने वाचा. पहिला निघाला तरी चालेल, चाळिसावा निघाला तरी चालेल. त्यावर माझं भांडण नाही. मला एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे, आणि ते तुम्हाला समोर बसून द्यावं लागेल: खरं सांगितलं असतं तर या माणसाने तंबाखू सोडली नसती, हे तुम्ही माझ्याबद्दल कशावरून ठरवलंत?